एचटीएमएक्सचं परीक्षण : अक्कलकोट रोडच्या टॉवेल गोदामातून

वेब पानाचा फक्त एक तुकडा दर काही सेकंदांनी ताजा करायचा आणि बाकीच्या पानाला धक्का लावायचा नाही, एवढ्या एकाच कामासाठी मी एचटीएमएक्स ही जावास्क्रिप्टची लायब्ररी घेतली. त्या कामाला ती फार चांगली आहे, फुकट आहे, आणि आमच्या गोदामातला फळा आज तिच्यावरच चालतो. पण आहे तशी लावून मोकळं झालात, तर एका जागी ती दगा देते, आणि तो दगा भिंतीवरच्या टीव्हीकडे बघून कळत नाही. त्या जागेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

आधी आमचं काम काय ते सांगते, कारण परीक्षण त्या कामाच्या मापानंच केलंय. आमचा टेरी टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. नाना माग बघतात; बिलं, डिस्पॅच आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. डिस्पॅचचा एक फळा आहे, म्हणजे वेब पान. कोणत्या पार्टीचे किती डझन शिलाईतून उतरले, घडी घालून किती झाले, किती गाठी बांधल्या, कोणाची गाडी लागली, हे सगळं त्यावर दिसतं. शिलाईवाले मोबाइलवरून आकडा टाकतात, पॅकिंगच्या अक्का जुन्या डेस्कटॉपवर, मी ऑफिसात लॅपटॉपवर, आणि गोदामाच्या भिंतीवरचा टीव्ही नुसता दाखवतो. सर्व्हर म्हणजे ऑफिसातला एक जुना पीसी. त्यावर पान तयार करणारी पीएचपी भाषा आणि आकडे साठवणारा मायएसक्यूएल डेटाबेस. नेट गेलं तरी कारखान्याच्या आतलं नेटवर्क चालू राहावं म्हणून सगळं घरातच ठेवलेलं.

आधीचं पान दर ३० सेकंदांनी अख्खं रिफ्रेश व्हायचं. एचटीएमएलमध्ये त्यासाठी मेटा टॅगची एक ओळ पुरते, म्हणून बहुतेक जण तीच घालतात. पान क्षणभर पांढरं व्हायचं, यादी खाली सरकवलेली असली तर परत वर जायची, आणि शेऱ्याच्या चौकटीत जे अर्धं लिहिलेलं असेल ते पुसलं जायचं. अक्का एका बोटानं टाइप करतात. ‘दोन डझन डागी, बदलून द्यायचे’ एवढं लिहायला त्यांना ३० सेकंद पुरत नाहीत. त्या मला म्हणायच्या, ‘‘पोरी, मी लिव्हेपर्यंत तुझं पान थांबत का न्हाई?’’ इकडे गाडीवाले दारात उभे राहून म्हणायचे की आकडा उशिरा बदलतो, वेळ कमी करा. दोघांचंही बरोबर होतं. अख्खं पान रिफ्रेश करण्याचा हाच खरा त्रास: आकडा जेवढा ताजा करायला जाल, तेवढं पानावर काम करणाऱ्याचं काम मोडतं.

यावरचा उपाय नवा नाही. मायक्रोसॉफ्टनं १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये अशी सोय दिली की पान जागेवर ठेवून मागच्या मागे सर्व्हरशी बोलता यावं. एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या नावानं ती पुढे सगळ्या ब्राउझरांत आली. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं, आणि त्याच काळात प्रोटोटाइप नावाच्या लायब्ररीत पीरिऑडिकलअपडेटर आला. नावाप्रमाणेच, ठरलेल्या वेळानं पानाचा एक भाग आणून बसवणारा. त्याच्यात एक हुशार गोष्ट होती, तिच्याकडे शेवटी येते.

एचटीएमएक्स त्याच घराण्यातलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या कार्सन ग्रॉस यांनी २०१३ मध्ये इंटरकूलर नावाची लायब्ररी काढली, तिचाच हा पुढचा अवतार. पहिली आवृत्ती २०२० ची, दुसरी २०२४ ची. एकच फाइल, आकुंचित आणि जीझिप करून साधारण १६ केबी. ती आपल्या पीसीवर ठेवायची आणि पानात एका ओळीनं जोडायची. दुसरं काही बसवायचं नाही, बांधायचं नाही, बाहेरच्या सर्व्हरवर अवलंबून राहायचं नाही. नेट नसतानाही चालणारा फळा हवा असेल तर हा गुण मोठा आहे.

वापरायला किती सोपं ते सांगते. गाठींच्या तक्त्याभोवती जो टॅग आहे त्याला दोन गुणधर्म द्यायचे. एचएक्स-गेटमध्ये तुकडा कुठून आणायचा तो पत्ता, आणि एचएक्स-ट्रिगरमध्ये ‘एव्हरी ५एस’, म्हणजे दर ५ सेकंदांनी. झालं. सर्व्हरनं उत्तरात जेसन (नुसत्या माहितीचा साचा) वगैरे काही पाठवायचं नाही, तयार एचटीएमएल पाठवायचं, आणि ते त्या टॅगच्या आत बसतं. मला हे फार आवडलं, कारण तक्ता कसा दिसावा हे पीएचपीत एकदा लिहिलेलं असतं, तेच परत जावास्क्रिप्टमध्ये लिहावं लागत नाही. पीएचपीची फाइल दोन भागांत तोडायचीही ज्यांना हिंमत होत नाही, त्यांच्यासाठी एचएक्स-सिलेक्ट आहे: अख्खं पान मागवायचं आणि त्यातला हवा तेवढाच भाग उचलून लावायचा. सर्व्हरवर त्यानं भार वाचत नाही, पण जुनं पान एका दुपारीत सुधारतं.

आता तपासणी. सगळ्यात आधी अक्कांची शेऱ्याची चौकट. एचटीएमएक्स तुकडा बदलताना, चौकटीला आयडी दिलेला असेल तर कर्सर परत त्याच चौकटीत नेऊन ठेवतं. पण लिहिलेला मजकूर सर्व्हरकडून आलेल्या नव्या चौकटीत नसतो, तो जातोच. एचएक्स-प्रिझर्व्ह नावाचा गुणधर्म आहे, तो लावला तर ती चौकट तशीच राखली जाते, मात्र लिहायच्या चौकटीला तो नीट लागू होत नाही, कर्सर हरवतो, आणि हे त्यांच्या माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिलंय. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. यावर सरळ मार्ग एकच: जिथे माणूस लिहितो ती जागा ताज्या होणाऱ्या तुकड्याच्या बाहेर ठेवायची. आम्ही तक्ता वर आणि शेऱ्याचा फॉर्म खाली असं केलं. अक्का ओळीवर टिचकी मारतात, लॉट नंबर खालच्या फॉर्मात येतो, आणि वर काहीही बदलत राहिलं तरी खाली त्या निवांत लिहितात. पानाची ही मांडणी कोणतीही लायब्ररी तुमच्यासाठी करून देणार नाही, पण ती एकदा केली की एचटीएमएक्स तिला पाळतं.

दुसरी तपासणी मजकूर निवडण्याची. गाडीचा नंबर बिल्टीत टाकायला मी माउसनं निवडते, आणि तेवढ्यात तुकडा बदलला की निवड उडते. आकडा बदललेलाच नसताना तुकडा बदलणं म्हणजे फुकटचा त्रास. त्याला उत्तर आहे: सर्व्हरनं २०४ हा कोड पाठवला, म्हणजे ‘सांगण्यासारखं काही नाही’, तर एचटीएमएक्स पानाला हातच लावत नाही. मी तुकड्यात एक लपलेला आवृत्ती क्रमांक ठेवलाय. एचएक्स-इन्क्लूडनं तो दर विनंतीसोबत जातो, सर्व्हर आपल्या क्रमांकाशी ताडून बघतो, सारखा असेल तर २०४. गोदामात मिनिटामिनिटाला गाठ बांधली जात नाही, त्यामुळे बहुतेक वेळा हेच उत्तर जातं.

याचा फायदा पीसीलाही होतो. ८ पडदे दर ५ सेकंदांनी विचारायला लागले की मिनिटाला ९६ आणि तासाला ५,७६० विनंत्या होतात. प्रत्येकीत डेटाबेसची मोठी जोडणी करत बसलं तर जुना पीसी दमतो, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ ला टेकला की ऑफिसातल्या बिनएसीच्या कोपऱ्यात तो पीसी आधीच तापलेला असतो. आवृत्ती क्रमांक ताडणं म्हणजे डेटाबेसला एक छोटा प्रश्न. सर्व्हर हळू चालला तरी एका तुकड्याच्या विनंत्यांचा ढीग लागत नाही, हेही मी पाहिलं: आधीची विनंती पूर्ण झाली नसेल तर पुढच्यांतली शेवटची तेवढी रांगेत राहते. हे आपोआप होतं, वेगळं काही लिहावं लागत नाही.

आता ती दग्याची जागा.

टीव्हीला जोडलेल्या डब्याची नेटवर्क वायर मी मुद्दाम काढली आणि बघत बसले. फळा जसाच्या तसा. शेवटचा आकडा तिथेच, ठळक अक्षरात. ना खूण, ना सूचना. मग वायर परत लावून मायएसक्यूएल बंद केलं, म्हणजे सर्व्हर ५०० चा दोष द्यायला लागला. तरी तेच. एचटीएमएक्स मुळात ४०० आणि ५०० च्या घरातली, म्हणजे दोष सांगणारी, उत्तरं पानावर लावत नाही, आणि जोडणीच तुटली तर नुसती आतल्या आत एक घटना (इव्हेंट) उठवतं, जी कोणी ऐकत नसेल तर हवेत विरते. विचारणं चालू राहतं, जोडणी आली की फळा आपोआप सावरतो, हे चांगलं. पण मधल्या वेळात भिंतीवर शिळा आकडा ताज्याच्या तोऱ्यात उभा असतो.

गोदामात याचा अर्थ काय होतो तो बघा. लाईट गेली की टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण पॅकिंगकडचा नेटवर्क स्विच त्या इन्व्हर्टरवर नसतो. फळा सांगतो १४ गाठी तयार, प्रत्यक्षात २० बांधून झाल्यात. हमाल १४ भरून थांबतात, गाडी सुटते, आणि ६ गाठी पुढच्या गाडीची वाट बघत पडून राहतात. भाडं दुप्पट, पार्टीचा फोन वेगळा. अख्खं पान रिफ्रेश व्हायचं तेव्हा निदान ‘पान सापडलं नाही’ असं ढळढळीत दिसायचं आणि कोणीतरी ओरडायचं. तुकडा ताजा करण्याच्या पद्धतीत ती ओरड बंद होते. म्हणून ज्या फळ्यावर बघून माणसं माल हलवतात, त्या फळ्यानं आपण शेवटचं खरं कधी बोललो हे सांगितलंच पाहिजे. याबाबत मी काहीही सूट द्यायला तयार नाही.

करायचं कसं? तुकड्यात सर्व्हरची वेळ छापली की झालं, असं वाटतं. पण २०४ आल्यावर तुकडा बदलतच नाही, म्हणजे वेळही बदलत नाही, आणि सगळं ठीक असताना फळा शिळा दिसतो. त्यामुळे घड्याळ ब्राउझरमध्येच ठेवावं लागतं. प्रत्येक विनंतीनंतर एचटीएमएक्स ‘आफ्टररिक्वेस्ट’ नावाची घटना उठवतं आणि त्यात विनंती यशस्वी झाली की नाही हेही सांगतं. यशस्वी झाली की वेळ लिहून ठेवायची, २०४ सुद्धा यशस्वीच धरलं जातं. दुसरीकडे दर सेकंदाला बघायचं की शेवटच्या यशाला १५ सेकंद होऊन गेले का. गेले असतील तर पूर्ण तक्ता राखाडी करायचा आणि वर लाल पट्टीत लिहायचं: ‘जोडणी तुटली, आकडा जुना आहे, ऑफिसात विचारा’. दहा-बारा ओळींची जावास्क्रिप्ट. लाल पट्टी आली की आता हमाल स्वतः ऑफिसात येऊन विचारतात. ही सोय लायब्ररीत तयार मिळायला हवी होती, हे माझं मोठं म्हणणं आहे.

याच जातीचा दुसरा खड्डा लॉगिनचा. लॉगिनची मुदत संपली की बरेचसे सर्व्हर लॉगिनच्या पानाकडे वळवतात. मागच्या मागे गेलेली विनंती ते वळण गुपचूप घेते आणि गाठींच्या तक्त्याच्या जागी लॉगिनचा पूर्ण फॉर्म येऊन बसतो. यावर सर्व्हरनं वळवण्याऐवजी उत्तरासोबत एचएक्स-रिडायरेक्ट हे शीर्षक (हेडर, म्हणजे पानावर न दिसणारी ब्राउझरसाठीची सूचना) पाठवावं, मग ब्राउझर रीतसर त्या पानावर जातो. उलट बाजूही लक्षात ठेवा: दर ५ सेकंदांनी विचारणारं पान लॉगिन कधी संपूच देत नाही, कारण सर्व्हरला वाटतं माणूस काम करतोय. ऑफिसातला लॅपटॉप उघडा ठेवून जेवायला गेलात तर तो उघडाच. म्हणून फळ्याच्या विनंत्या लॉगिनच्या मुदतीत मोजायच्या नाहीत, हे मी पीएचपीत वेगळं लिहिलं. पीएचपीवाल्यांनी आणखी एक करावं, तुकडा देणाऱ्या फाइलमध्ये सेशन (सर्व्हरवरची लॉगिनची नोंद, जी वापरात असताना कुलूपबंद असते) वाचून झालं की लगेच बंद करावं, नाहीतर त्याच माणसाची दुसरी विनंती कुलूप उघडायची वाट बघत राहते.

शीर्षकांतलं माझं सगळ्यात लाडकं एचएक्स-रिफ्रेश. पानाची रचना बदलली, नवा रकाना घातला, की भिंतीवरच्या टीव्हीला ते कसं कळणार? शिडी लावून माउस जोडायचा? आता सर्व्हर पुढच्या विनंतीच्या उत्तरात हे शीर्षक पाठवतो आणि टीव्हीवरचं पान स्वतःच एकदा पूर्ण रिफ्रेश होतं. भिंतीवर पडदा असलेल्या प्रत्येकानं हे लावून घ्यावं.

विचारणं थांबवायचं असेल तर सर्व्हरनं २८६ हा कोड पाठवायचा, ही एचटीएमएक्सची स्वतःची पद्धत. एका लॉटच्या पानावर ती छान बसते: माल निघाला, बिल्टी झाली, आता विचारायचं काही उरलं नाही. भिंतीवरच्या फळ्याला मात्र ती लावू नका, कारण एकदा थांबलेलं विचारणं पान परत उघडल्याशिवाय सुरू होत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कारखाना बंद असेल तेव्हा टीव्हीच बंद करावा.

दुसरी एक पद्धत माहितीपत्रकात आहे, जिथे प्रत्येक तुकडा येतानाच ‘इतक्या वेळानं मला परत मागव’ असं सांगत येतो. तिच्यात वेळ सर्व्हर ठरवू शकतो. पण मधली एक विनंती फसली की नवा तुकडा येत नाही, आणि तुकडा नाही म्हणजे पुढची विनंतीही नाही. साखळी तिथेच तुटते. आमच्यासारख्या लाईट जाणाऱ्या ठिकाणी साधं ‘एव्हरी’च बरं.

मोबाइल आणि लॅपटॉपवर टॅब मागे गेला की काय होतं, हे थोडक्यात. क्रोम २०२१ पासून ५ मिनिटांहून जास्त लपलेल्या टॅबचे टायमर मिनिटाला एकदाच चालू देतो. भाराच्या दृष्टीनं हे बरंच आहे. पण परत टॅबवर आल्यावर आकडा मिनिटभर जुना असू शकतो. ट्रिगरमध्ये स्वल्पविराम देऊन ‘व्हिजिबिलिटीचेंज’ ही घटना दस्तऐवजावरून ऐकायला सांगितलं की टॅब समोर येताक्षणी ताजा आकडा येतो.

ओळखीतले शिकलेले लोक म्हणतात, विचारत काय बसायचं, वेबसॉकेट (सर्व्हरशी कायम उघडी राहणारी जोडणी) लावा किंवा सर्व्हरनंच घटना ढकलाव्यात. शेअर बाजार असता तर मीही लावलं असतं. पीएचपीत प्रत्येक उघड्या जोडणीला एक प्रोसेस अडकून पडते, आणि गाठ बांधायला माणसाला मिनिटं लागतात. आम्हाला ५ सेकंद भरपूर आहेत.

आता प्रोटोटाइपच्या त्या हुशार गोष्टीकडे. त्यातल्या ‘डिके’ या पर्यायानं, उत्तर आधीसारखंच आलं तर पुढच्या विचारण्यातलं अंतर वाढत जायचं, आणि काही बदललं की परत मूळ वेळेवर यायचं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फळा आपोआप मंदावला असता. एचटीएमएक्समध्ये ‘एव्हरी’ला हे नाही. इतक्या जुन्या लायब्ररीत असलेली चीज नव्यात नसावी याचं मला वाईट वाटतं.

मी ५ पैकी ४ तारे देते. कापलेला तारा शिळ्या आकड्याच्या मौनासाठी, ‘डिके’साठी नाही.

आवृत्तीबद्दल: नवीन बसवणाऱ्यांनी दुसरी घ्यावी. पण दुसरी आवृत्ती इंटरनेट एक्सप्लोररवर चालत नाही. आमच्या वजनकाट्याला जोडलेल्या कॉम्प्युटरवर अजून तोच आहे आणि काट्याच्या सॉफ्टवेअरमुळे तो बदलता येत नाही, म्हणून तिथे पहिल्या आवृत्तीतली १.९ लावली आहे. दोन्ही आवृत्त्या त्याच पीएचपी फाइलकडून तोच तुकडा घेतात.